पडद्याआडून लिहिलेला वेढा

आमचं दुकान आणि आमचं घर यांच्यामध्ये एक तरटाचा पडदा होता, आणि माझा बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यापासून मी त्या पडद्याच्या आतली झाले. त्याआधी मी दुकानात खुशाल बसायची. अब्बा पुस्तकांच्या बाइंडिंगचं काम करायचे आणि मी लहानपणापासून त्यांच्या हाताखाली खळ शिजवली, पुठ्ठे कापले, दोरा मेणातून ओढून दिला. पोंभुर्ण्यात दुसरा बाइंडिंगवाला नव्हता. शाळांचे हजेरीपट, कुणाची जुनी पोथी, मशिदीतली सुटी झालेली कुराणं, सगळं आमच्याकडे यायचं. कुराण असो का पोथी, अब्बा आधी वजू करायचे, हातपाय-तोंड धुवायचे, आणि मग हात लावायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "कोणाचं का असना, वरच्याचं नाव हाय त्याच्यात." असा माणूस. पण अम्मीच्या भावाचा निरोप आला, की आमच्या घरची होणारी सून आता रस्त्यावरून दिसता कामा नये, तेव्हा याच माणसानं एका दुपारी तरटाच्या कडा स्वतः शिवल्या आणि खिळे ठोकले. ठोकताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मामूचा मुलगा बल्लारपूरचा. त्यांचं लाकडाचं दुकान होतं, मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारा उगाच त्याला शिव्या देईल. वाईट एवढंच होतं, की त्याच आठवड्यात चंद्रपूरच्या अध्यापक विद्यालयातून माझ्या नावाचं पत्र आलं होतं. शिक्षिका व्हायचं, दोन वर्षं वसतिगृहात राहायचं, आणि मग कुठल्यातरी शाळेत फळ्यावर स्वतःच्या हातानं तारीख लिहायची, एवढंच माझं स्वप्न. फार मोठं नव्हतं हो. अब्बांनी पत्र वाचून घेतलं, घडी घातली आणि अम्मीच्या हातात दिलं. अम्मी म्हणाली, "शादी के बाद देखेंगे." आमच्याकडे 'शादी के बाद देखेंगे' याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. हजर व्हायला ईदनंतरच्या महिन्याची मुदत होती, आणि निकाह त्याच्या आठ दिवस आधी ठरला होता.

दोन खोल्या, मागे अंगण, अंगणाला पुरुषभर उंचीची मातीची भिंत. भिंतीपलीकडे मोहाचं झाड होतं. उन्हाळ्यात फुलं पडायची तेव्हा आख्ख्या अंगणात तो गोड, डोकं धरणारा वास भरून राहायचा आणि वेचणाऱ्या बायांचं बोलणं ऐकू यायचं. कुणाच्या गाईला वाघानं धरलं, कुणाची सून माहेरी निघून गेली. आता मला फक्त आवाज मिळायचे. एसटीचा हॉर्न, अजानआधी मुअज्जिनचं खाकरणं, अब्बांच्या हातोडीची पुस्तकाच्या पाठीवर बसणारी ठकठक. दिवसभर मी तांदूळ निवडायची, झिंग्याची चटणी वाटायची, अंबाडी चिरायची. अंबाडी-गोश्त अम्मी फार सुरेख करायची आणि त्या दिवसांत तर रोज काहीतरी चांगलं व्हायचं, कारण सासरी जाणाऱ्या पोरीला खाऊ घालायचं असतं. मला घास गिळायचा नाही. चिडचिड व्हायची, भांडी आपटायची, मग त्याबद्दल बोलणी खायची.

अशात एके सकाळी फादर आले. गावाबाहेर त्यांचा छोटा दवाखाना होता, ते स्वतः वसईचे. मराठी त्यांची मायबोली, पण आमच्या कानाला ती रेडिओवरची वाटायची. सत्तरी ओलांडलेला उंच माणूस, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. त्यांनी दुकानात एक गाठोडं ठेवलं आणि म्हणाले, "करीमभाई, हे वीस वर्षांचं काम आहे. बांधून द्या." अब्बांनी गाठोडं सोडलं आणि डोक्याला हात लावला. कागद कसले! औषधांच्या वेष्टनांच्या मागची बाजू, जुनी पत्रकं, कॅलेंडरची पानं, आणि त्यावर मुंग्या चालत गेल्यासारखं अक्षर. अब्बा म्हणाले, "फादर, हे बांधलं तरी वाचन कोन?" फादर म्हणाले, "मलाच आता वाचता येत नाही. पाठ आहे म्हणून बरं." मी पडद्याआड उभी होते. अब्बा म्हणाले, "आमची शमीम लिहून देईल. तिचं अक्षर पाहिलं का तुमी? तुमी सांगा इथी बसून, पोरगी आतून लिहीन." माझ्या बापावर मी पुष्कळ रागावले आहे, अजूनही रागावते, पण त्या एका वाक्यासाठी मी त्याला सगळं माफ करायला तयार होते.

मग मंगळवार आणि शनिवार, दवाखान्याची गर्दी ओसरली की फादर यायचे, बाकावर बसायचे आणि पडद्याला तोंड करून बोलायचे. आत मी चटईवर, मांडीवर पुठ्ठा घेऊन. मध्ये अब्बा, सुई-दोरा घेऊन. मजकूर होता एका पाद्र्याचा. पाचशे वर्षांपूर्वीचा, आल्बेनिया नावाच्या देशातला. फादर त्याला कधी नावानं बोलवायचे नाहीत, 'आपला पाद्री' म्हणायचे, जसा काही तो मोहर्लीला राहतो आणि पुढच्या बाजाराला येणार आहे. तर हा आपला पाद्री श्कोद्रा नावाच्या गावचा. उंच टेकडीवर किल्ला, खाली तळं आणि नद्या. सुलतानाची फौज आली, तिनं गावाला वेढा घातला, आणि हा माणूस आत होता. तेव्हा तो पाद्री नव्हता, नुसता एक गावकरी होता. तोफा, भूक, सगळं त्यानं डोळ्यांनी पाहिलं. शेवटी गावावर राज्य करणाऱ्या व्हेनिसनं सुलतानाशी तह केला आणि गाव त्याला देऊन टाकलं. लोकांना विचारलं, राहता की जाता? लोक गेले. आपला पाद्रीही समुद्रापलीकडे व्हेनिसला गेला, तिथं पाद्री झाला, आणि मग त्यानं लॅटिनमध्ये आधी त्या वेढ्याचं पुस्तक लिहिलं, नंतर त्यांच्या मोठ्या वीराचं चरित्र. फादर वेढ्याचं पुस्तक मराठीत आणत होते आणि त्याच्या पुढे पाद्र्याचं छोटं चरित्र जोडत होते. मी एकदा विचारलं, "फादर, हे इथी वाचन कोन?" ते म्हणाले, "गाव गेल्यावर पुस्तक उरतं, पोरी. वाचणारा कधीतरी येतो."

अब्बांची पहिल्यांदा मोठी पंचाईत झाली. वेढा घालणारे मुसलमान आणि आत अडकलेले ख्रिस्ती, मग आपण कोणीकडचे? पहिल्या दोन-तीन बैठकांत ते खुशाल सुलतानाच्या बाजूनं होते. तोफेचं वर्णन आलं की म्हणायचे, "वा!" मग किल्ल्यातलं धान्य संपलं. लोकांनी कुत्री, मांजरं, उंदीर खाल्ले, असं मी लिहून घेतलं तेव्हा अब्बांची सुई थांबली. "लेकरं असतील ना आत?" फादर म्हणाले, असतील. अब्बांनी सुई पुठ्ठ्यात खोचून ठेवली. मग म्हणाले, "सुलतान आपलाच हाय फादर, पन हे काही बरं नाई करून राह्यला." त्यानंतर ते किल्ल्यातल्यांचे झाले ते शेवटपर्यंत. जेवताना अम्मीला सांगायचे, आज पूर्वेकडची भिंत पडली, रातोरात पुन्हा उभी केली लोकांनी. अम्मी म्हणायची, "कौनसी दीवार? किसकी?" आणि रस्सा वाढायची.

मला मात्र हसू येत नव्हतं. मी वेढ्याच्या आत बसून वेढ्याची गोष्ट लिहीत होते आणि ते बाहेर बसलेल्या दोघांनाही दिसत नव्हतं. लिहिता लिहिता माझे दिवस संपत चालले होते. मी मुद्दाम सावकाश लिहायची, शाई सांडायची, एक पान दोनदा करायची. पाद्र्याची एक गोष्ट मला फार आवडली होती: तो लोकांच्या तोंडी लांबलचक भाषणं घालायचा. सरदार बोलतो, सुलतान बोलतो, म्हातारा धर्मगुरू तटावर उभा राहून पानं-पानं बोलतो. मी विचारलं, एवढं याला लक्षात कसं राहिलं? फादर हसले. "राहिलं नसणार. त्या काळचे इतिहासकार असंच करत. अमुक प्रसंगी अमुक माणूस काय बोलला असता, ते रचून लिहीत." मी म्हटलं, "म्हंजे खोटं?" ते म्हणाले, "रचलेलं. खोटं नव्हे. तो तिथं होता ना." आता नातीच्या मोबाइलवर मी त्या किल्ल्याचे फोटो पाहते. पर्यटक तटावर उभे राहून हसत असतात, आणि माझं डोकं उगाच फिरतं.

शेवटचं प्रकरण आलं. तह झाला आहे, गाव जमलं आहे, राहायचं की जायचं यावर एकेक पुरुष उठून बोलतो. फादरांनी ती भाषणं दोन बैठकांत सांगितली. संपल्यावर मी विचारलं, "आन् बाया काय बोलल्या?" फादर म्हणाले, "बायकांनी दगड वाहिले, तटावर लढल्या, ते आधी आलंय की." "ते नाई. या वक्ती काय बोलल्या?" ते म्हणाले, "ते लिहिलेलं नाही." बस. एवढंच. अम्मी त्या वेळी माझ्या निकाहाच्या हिरव्या पोशाखाला जरीचा गोटा लावत बसली होती. निकाहाला बारा दिवस राहिले होते. मी स्वयंपाकघरात गेले, चुलीसमोर बसले आणि एक आख्खं पान लिहिलं. एकही खाडाखोड नाही. त्या पानावर श्कोद्र्यातली एक मुलगी उठून उभी राहते. मला आता सगळं आठवत नाही, पण हे आठवतं: 'तुम्ही एकेका पुरुषाला विचारलंत, राहतोस की जातोस. मला कुणी विचारलं नाही. सुलतान आला तेव्हा वेढा सुरू झाला असं तुम्ही म्हणता. मी त्याच्या आधीपासून आत आहे. त्याच्या फौजेला निदान तंबू आहेत, तोफा आहेत, ती दिसते तरी. मला वेढा घालणारे माझ्याच ताटात जेवण वाढतात, मग मी दगड कुणावर टाकू?'

शनिवारी शेवटचं वाचन होतं. मी वाचत होते, फादर चुका सांगत होते. ते पान वगळून पुढे जाता आलं असतं. मी नाही वगळलं. सगळं वाचलं. वाचून झालं. मग फादर म्हणाले, "हे पान मूळ पुस्तकात नाही." मी म्हटलं, "नाई." "हे तू रचलंस." "आपल्या पाद्र्यानंबी रचलंच ना." त्यांचा आवाज जरा चढला. "पोरी, तो तिथं होता. तू होतीस का तिथं?" माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, पण ते पडद्यापलीकडे कुणाला दिसत नव्हतं, त्यामुळे धीर आला. मी म्हटलं, "मी हाय ना इथी, फादर. आतच हाय." बाकाचा आवाज आला, काठी हातात घेतल्याचा आवाज आला. जाताना ते अब्बांना म्हणाले, "करीमभाई, माझं पुस्तक आहे, पण पान तुमच्या घरचं आहे. ठेवायचं की काढायचं, तुम्ही ठरवा."

तीन दिवस अब्बा ठरवत होते. बाइंडिंगमध्ये चार-चार कागद मधोमध दुमडून त्यांची जुडी करतात, तिला आम्ही जुज म्हणायचो. जुजमधलं एक पान काढलं, की त्याच कागदाचं पलीकडचं अर्धंही निसटतं. पुस्तक बाहेरून धड दिसतं आणि आतून ढिलं राहतं. अब्बांनी ते पान दोनदा बाहेर काढलं, दोनदा परत ठेवलं. पडद्याच्या फटीतून मी सगळं पाहत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मेणाचा दोरा घेतला आणि जुज शिवून टाकला, पानासकट. मला वाटलं, झालं! आता काहीतरी होणार! जीव नुसता उडत होता माझा.

आणि झालंही. त्याच दुपारी अम्मी शेजारी शेवया करायला गेली होती आणि अब्बा पडदा सारून आत आले. स्वयंपाकघरात ते कधी बसायचे नाहीत; त्या दिवशी माझ्यासमोर जमिनीवर बसले. मी सुपात तांदूळ घेऊन बसले होते. थोडा वेळ त्यांनी सुपातले खडे वेचले. मग म्हणाले, "त्या पोरीले कोनी इचारलं नाई म्हन्ते. बरं. मी इचारून राह्यलो. बल्लारपूरचं तुले कबूल हाय का? नसन तर आत्ताच सांग. मामूले मी सांगतो, तुह्या अम्मीलेबी सांगतो. जे होईन ते माह्या डोक्यावर. चंद्रपूरले मी सोता सोडून देईन तुले." इतकं सरळ. इतकं स्वच्छ. मी जन्मभर ज्याची वाट पाहिली असती तो प्रश्न माझ्यासमोर मांडी घालून बसला होता.

आणि मी बोलले नाही. काऊन? का नाही बोलले, हे मी पन्नास वर्षं स्वतःला विचारते आहे. भीती होती, आहेच. लेखणी हातात असली की वाघ आणि नसली की शेळी, असा माझा स्वभाव. पण नुसती भीती नव्हती. आमच्यात निकाहाच्या वेळी मुलीला तीनदा विचारतात. पहिल्यांदा विचारल्यावर तोंड उघडणारी मुलगी बेशरम; ती मान खाली घालते, दुसऱ्यांदा विचारतात, तिसऱ्यांदा विचारतात. हे माझ्या हाडात भिनलेलं होतं. माझा 'नाई' जिभेवर तयार होता. मी अब्बांच्या दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत होते. फक्त आणखी एकदा विचारा, अब्बा. आणि अब्बा? तेही त्याच चालीत वाढलेले. आमच्यात मुलीची चुप्पी म्हणजे तिचा होकार. पोरगी मान खाली घालून बसली, डोळ्यांत पाणी, गाल लाल. याहून चांगला होकार कुठला असतो? त्यांच्या चेहऱ्यावर अशी सुटका दिसली, की मी ती अजून विसरले नाही. "बरं केलं पोरी," म्हणाले, "डोक्यावरचा बोजा उतरला." माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठून गेले. पडदा हलायचा थांबला तरी मी सूप धरून तशीच बसले होते.

लगेच उठून जायचं ना, असं नात म्हणते. तिला काय सांगू! मी उठले होते, पडद्यापर्यंत गेले होते. पण बाहेर अब्बा अम्मीला हाक मारून सांगत होते, की पोरगी राजी हाय, मी सोता इचारलं. आणि अम्मी, जिला मी महिनाभर रागानं धड उत्तर दिलं नव्हतं, ती पिठाच्या हातांनी तोंड झाकून रडत होती. तेवढ्यात बल्लारपूरच्या एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप गेलासुद्धा. फादर पुस्तक न्यायला आले तेव्हा पडद्याजवळ थांबले. "पोरी, काही सांगायचंय?" मी म्हटलं, "नाई फादर." त्यांनी ते पुस्तक पुढे कुठं नेलं, ते कधी छापलं गेलं का, मला माहीत नाही. त्यांची बदली झाली आणि माणूस गावातून निघून गेला.

निकाहाच्या दिवशी आतल्या खोलीत वीस बायका होत्या, अत्तराचा आणि घामाचा वास, डोक्यावर हिरवा दुपट्टा. वकील म्हणून, म्हणजे माझा होकार विचारून बाहेर कळवायला, माझे चुलते आले, बरोबर दोन गवाह, साक्षीला. चाचांनी घसा साफ केला, मुलाचं नाव घेतलं, मेहरची रक्कम सांगितली आणि विचारलं, कबूल आहे का? त्यांचं वाक्य संपतं न संपतं तोच मी मान वर करून खणखणीत आवाजात म्हणाले, "हो. कबूल हाय मले." आधी कुणाला कळलंच नाही. मग हशा पिकला. "या अल्लाह, दुल्हन को तो बडी जल्दी है!" कुणीतरी माझ्या पाठीत धपाटा घातला. चाचा गोंधळले, पण रिवाजाप्रमाणे त्यांनी आणखी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा मी तेवढ्याच मोठ्यानं सांगितलं. गप्प राहिले तरी त्याचा 'हो'च धरला जाणार होता, हे मला आता कळलं होतं. मग निदान तो शब्द तरी मी म्हणेन, एवढीच माझी जिद्द. अम्मी शरमेनं लाल झाली होती.

बाहेर पुरुषांत बसलेल्या अब्बांनी ते तिन्ही वेळा ऐकलं: हो म्हणायचं असलं, की ही पोरगी तोंड उघडून म्हणते. पाठवणीच्या वेळी सगळे गळ्यात पडून रडत होते, ते मात्र रडत नव्हते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी मला जरा बाजूला घेतलं, माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि माझ्या डोळ्यांत बघत हळूच विचारलं, "तवा काऊन नाई बोलली, पोरी?"

मी काहीच बोलले नाही. त्या वेळी मात्र माझ्या चुप्पीचा अर्थ त्यांना कळला, आणि बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला.